हरवलेले दोघे : रानपिंगळा आणि जेर्डनचा धाविक

(हे या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी जुळवून घेतली आहेत.)



आज दोन पक्ष्यांची गोष्ट सांगणार आहे. एक घुबड आहे, आपल्या महाराष्ट्रातलं. दुसरा टिटवीच्या लांबच्या नात्यातला, आंध्रातल्या काटेरी रानात पळणारा. दोघांचं एकमेकांशी काही म्हणजे काही नातं नाही. कुळ वेगळं, जंगल वेगळं, खाणं वेगळं, चाल वेगळी. मग दोघांना एका भागात का आणलं? कारण दोघंही हरवले होते. एक ११३ वर्षं, दुसरा ८६ वर्षं. दोघांनाही लोकांनी जवळजवळ संपलेच म्हणून सोडून दिलं होतं. आणि दोघंही सापडले.

पण सापडल्यानंतर दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या. एकाचं बरं चाललंय, दुसऱ्याचा ठावठिकाणा लागणं पुन्हा मुश्कील झालं. असं का झालं, हाच आजचा विषय.

आधी ओळख करून घेऊ

पहिला रानपिंगळा. पिंगळा तर तुम्हाला माहीत असेलच. गावात, शहरात, जुन्या वाड्याच्या भिंतीत, वडाच्या ढोलीत राहणारं छोटं घुबड. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून आपल्याकडे मान वाकडी करून बघतं आणि किरकिर करतं. माझ्या बिल्डिंगमागच्या उंबरावर एक जोडी आहे, सातच्या सुमारास त्यांची जी भांडणं सुरू होतात ती अर्ध्या सोसायटीला ऐकू येतात! आपल्याकडे पहाटे येऊन भविष्य सांगणाऱ्या जोश्यालासुद्धा पिंगळा म्हणतात, इतका हा पक्षी आपल्या ओळखीचा.

रानपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊ. दिसायला सारखा, पण जरा भरलेला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके उठून दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. छाती गडद तपकिरी, पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे. पायांवर दाट पांढरी पिसं आणि त्या आकाराच्या मानाने पंजे चांगलेच मोठे. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, मोठे किडे हे त्याचं जेवण.

दुसरा जेर्डनचा धाविक. धाविक म्हणजे धावणारा, नावातच काम आलं. साधा धाविक आपल्याकडे माळरानावर दिसतो, चार पावलं पळतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. जेर्डनचा धाविक त्याच घराण्यातला, पण माळावर न राहता काटेरी झुडपांच्या जंगलात राहणारा. साधारण २७ सेंटिमीटर लांबीचा, मोठ्या डोळ्यांचा, छातीवर दोन आडवे तपकिरी पट्टे असलेला. टी. सी. जेर्डन हे ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर होते. त्यांच्यामुळे हा पक्षी विज्ञानाला कळला आणि १८४८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली.

तेलुगूत त्याला 'कलिवी कोडी' म्हणतात. कोडी म्हणजे कोंबडी, आणि कलिवी म्हणजे आपल्या करवंदाच्या जातीचं काटेरी झुडूप. करवंदीतली कोंबडी! हे नाव लक्षात ठेवा. नावातच पत्ता आहे. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

घुबड, पण दिवसाचं

आता रानपिंगळा हरवला कसा ते बघू.

१८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या गृहस्थांना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात हे घुबड मिळालं. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं आणि ब्लेविट यांचंच नाव त्याला दिलं. हो, तेच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेत नाव येतं ते. पक्ष्यांच्या अभ्यासातही ते फार मोठं नाव आहे. त्यानंतर आणखी एक नमुना पूर्वेकडे मिळाला. मग १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याला शहादा-तळोद्याच्या बाजूला काही मिळाले. म्हणजे आजचा नंदुरबार जिल्हा. शेवटचा १८८४ मध्ये. सगळ्या जगातल्या संग्रहालयांमध्ये मिळून हे नमुने किती? सात. बस.

त्यानंतर शांतता. सलीम अलींसारख्या माणसांनी शोध घेऊनही रानपिंगळा मिळाला नाही.

यामागे एक कारण असं होतं की शोधणाऱ्यांच्या हातातला नकाशाच बिघडलेला होता. त्या नकाशावर १९१४ चा एक ठिपका होता : गुजरातमधलं तापीकाठचं मांडवी. हा नमुना आपण गोळा केला असं सांगणारे होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी, पक्षीशास्त्रातलं दबदब्याचं नाव. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार?

खोटं लेबल

शंका घेतली पामेला रासमुसेन यांनी. त्या अमेरिकेतल्या पक्षीशास्त्रज्ञ, संग्रहालयातले नमुने तपासणं हे त्यांचं काम. त्यांनी आणि नायजेल कोलार यांनी तो १९१४ चा नमुना बारकाईने बघितला, त्याचे एक्स-रे काढले. प्रत्येक संग्राहकाची पक्षी पेंढा भरून ठेवण्याची स्वतःची एक पद्धत असते, हस्ताक्षरासारखी. आणि या नमुन्यात खाली हस्ताक्षर निघालं डेव्हिडसनचं! म्हणजे १८८० च्या दशकातला खानदेशातला पक्षी संग्रहालयातून उचलला होता, पुन्हा भरला होता, आणि त्यावर नवं लेबल चिकटवलं होतं. गुजरातची नोंद सरळ सरळ बनावट होती.

आता गंमत बघा. तुम्ही-आम्ही रोज व्हॉट्सअ‍ॅपवर खोट्या बातम्यांबद्दल बोलतो. ही शंभर वर्षांपूर्वीची खोटी बातमी. फॉरवर्ड करणारे सगळे विद्वान, हेतू सगळ्यांचा चांगला, आणि तरीही शोध भरकटला.

रासमुसेन यांनी मग साधा विचार केला. खोटा ठिपका पुसून टाकायचा आणि खऱ्या नोंदी जिथल्या आहेत तिथेच जायचं. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत भारतात आल्या. आधी पूर्वेकडच्या जागा पालथ्या घातल्या, तिथे काही मिळालं नाही. मग शहाद्याला आल्या. आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला, सकाळी, चांगल्या उजेडात, पानं झडलेल्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

सकाळी! घुबड म्हटलं की आपल्या डोक्यात रात्र येते. पण रानपिंगळा बराचसा दिवसाचा पक्षी आहे. सागाच्या उघड्या फांदीवर बसतो, शेपटी हलवतो, खाली सरडा दिसला की झडप घालतो. त्याला लपायची फार हौस नाही. तो उघड्यावरच होता, बघणारे दुसरीकडे बघत होते.

रात्रीचा धाविक

धाविकाची गोष्ट बरोबर उलटी आहे.

त्याच्याही जुन्या नोंदी थोड्याच. पेन्नार नदीचं खोरं, कडप्पा आणि अनंतपूरचा भाग, आणि गोदावरीच्या खोऱ्यात भद्राचलम आणि सिरोंचा. हो, आपलं गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा. एकोणिसाव्या शतकात हा पक्षी महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीपर्यंत पोचलेला होता. १९०० मध्ये अनंतपूरकडे त्याची शेवटची नोंद झाली आणि नंतर तो गायब.

त्याच्या शोधासाठीही मोहिमा झाल्या. आता धाविक म्हटलं की साहजिक काय वाटतं? माळावरचा धाविक दिवसा दिसतो, मग हाही दिवसाच दिसणार. पण हा पठ्ठ्या निघाला निशाचर! दिवसभर झुडपाच्या सावलीत गप्प बसायचं, आणि अंधार पडला की मोकळ्या जागेत किडे टिपत फिरायचं. म्हणजे बघा, घुबड निघालं दिवसाचं आणि धाविक निघाला रात्रीचा. दोघांनीही आपल्या घराण्याच्या ठरलेल्या वेळा मोडल्या.

मग हा सापडला कसा? इथे मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. १९८० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, शोध पुन्हा हाती घेतला. भारत भूषण हे तरुण संशोधक कडप्पाच्या रानात काम करत होते. त्यांनी स्थानिक लोकांना चित्रं दाखवली, विचारपूस केली. रात्री रानात कोण जातं? शिकारी जातात, पारधी जातात, गुराखी जातात. जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्ली गावाजवळ एका स्थानिक शिकाऱ्याला रात्री बॅटरीच्या उजेडात हा पक्षी दिसला आणि त्याने तो जिवंत पकडला. ८६ वर्षांनी धाविक परत आला.

तो पकडलेला पक्षी मात्र जगला नाही. ही कडू बाजूसुद्धा सांगायला हवी. पण त्याच्यामुळे बाकीच्यांच्या जागेचा पत्ता लागला आणि तिथे श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य झालं.

विचार करा, विज्ञानासाठी जो पक्षी ८६ वर्षं नव्हता, त्याला तिथल्या भाषेत नाव होतं. कलिवी कोडी. करवंदीतली कोंबडी. ज्या पक्ष्याला गावाकडे नाव आहे, तो कुठे राहतो हे गावातल्या कुणाला तरी ठाऊक असणारच. फक्त विचारायला कुणीतरी जावं लागतं.

सापडल्यावर काय?

बातमी इथे संपते. 'शंभर वर्षांनी सापडला', फोटो, टाळ्या. पण पक्ष्यासाठी गोष्ट इथे सुरू होते.

रानपिंगळ्याचं काय झालं? तो नेमका कसा दिसतो, कुठल्या वेळी दिसतो, त्याचा आवाज कसा आहे हे एकदा कळल्यावर तो आणखी ठिकाणी सापडायला लागला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूरची जंगलं. २०१४ मध्ये तर तो तानसा अभयारण्यात सापडला. तानसा! मुंबईला पाणी पुरवणारा तलाव आहे तिथलं जंगल, मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत. गुजरातमध्ये डांगच्या बाजूलाही नोंदी झाल्या. म्हणजे गुजरातमध्ये तो खरोखर होता, फक्त कर्नलसाहेबांचा पुरावा खोटा होता! या सगळ्या नोंदींमुळे २०१८ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' मधून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' मध्ये आला. चिंता संपलेली नाही. सागाची जुनी, ढोली असलेली झाडं तुटतात, शेतीसाठी जंगल साफ होतं, रस्ते आणि धरणं होतात. पण पक्षी पाच-सहा वेगवेगळ्या जंगलांत विखुरलेला आहे. एका ठिकाणी वाईट झालं तरी दुसरीकडे तो आहे.

धाविकाकडे हा आधार नव्हता. तोही इतर ठिकाणी शोधला गेला. २००० नंतर बीएनएचएस आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी फार हुशारीने काम केलं. पक्षी दिसत नाही ना, मग त्याची पावलं बघू. रानात जागोजागी जमीन मऊ करून मातीचे पट्टे तयार केले आणि सकाळी जाऊन त्यावरचे ठसे तपासले. कॅमेरे लावले. सूर्यास्तानंतर त्याची हाक ऐकू येते, ती रेकॉर्ड केली. एवढं करून पक्षी मिळाला तो जवळजवळ सगळा त्याच एका अभयारण्यात आणि आजूबाजूला.

सगळी पुंजी एकाच खिशात, आणि तो खिसाही फाटका. २००५ च्या सुमारास तेलुगू गंगा प्रकल्पाच्या कालव्याचं खोदकाम थेट धाविकाच्या रानात शिरलं. संशोधकांनी आवाज उठवला, प्रकरण वरपर्यंत गेलं आणि अखेर कालव्याचा मार्ग बदलला. हा मोठाच विजय होता. पण त्यानंतर काही वर्षांतच पक्षी दिसायचा बंद झाला. पुढची दीड दशकं खात्रीची नोंद मिळेना. मग ऑगस्ट २०२५ मध्ये पक्षीनिरीक्षकांच्या एका गटाला आंध्रात रात्री त्याची हाक ऐकू आली आणि ती रेकॉर्ड झाली. म्हणजे पठ्ठ्या आहे! अजून आहे. पण हाकेवर आपण जल्लोष करतोय, यावरूनच परिस्थिती कळते.

जंगल कशाला म्हणायचं?

दोघांच्या नशिबात इतका फरक का, याचं मला पटणारं उत्तर त्यांच्या घरात आहे.

रानपिंगळ्याचं घर म्हणजे सागाचं पानझडी जंगल. उन्हाळ्यात उघडंबोडकं दिसलं तरी त्याला आपण जंगल म्हणतो. वनखात्याच्या नकाशावर ते हिरवं असतं. मेळघाटात वाघ आहे, वाघासोबत रानपिंगळ्यालाही संरक्षण मिळतं.

धाविकाचं घर म्हणजे विरळ काटेरी झुडपं आणि मधेमधे मोकळी जमीन. बोर, बाभूळ, करवंद. अभ्यासातून दिसलं की त्याला नेमकं मधलं काहीतरी लागतं. झुडपं फार दाट झाली तर पळायला जागा नाही, सगळी तोडली तर लपायला जागा नाही. थोडीफार चराई, थोडीफार लाकूडतोड चालते. ती अति झाली तरी घर जातं, आणि पूर्ण थांबून रान गच्च झालं तरी जातं. अशा जमिनीला आपण काय म्हणतो? पडीक. ओसाड. 'तिथे काही नाही' म्हणतो. मग तिथे कालवा न्यायला, खाण खणायला, लिंबाच्या बागा लावायला किंवा चक्क 'झाडे लावा' मोहीम करायला कुणाचाच जीव कचरत नाही. झाडं लावूनही एखाद्या पक्ष्याचं घर मोडता येतं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

आणि हे फक्त आंध्रातलं नाही बरं का. विदर्भातल्या मंडळींना 'झुडपी जंगल' हा शब्द चांगलाच माहीत असेल. सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. ही जमीन जंगल की महसुली, यावर कित्येक वर्षं वाद चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झुडपी जंगल हेही वनच. हा निकाल ऐकला तेव्हा मला आधी सिरोंचा आठवलं. गडचिरोली हा त्या झुडपी जंगलाच्या जिल्ह्यांपैकीच एक. धाविक तिथे आज आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या जमिनीला जंगल म्हणायचं की नाही हेच ठरत नाही, तिथे काय होतं आणि काय गेलं याची मोजदाद कोण ठेवणार?

म्हणून दोघांना शेजारी ठेवलं. रानपिंगळा हरवला होता कागदावरच्या चुकीने, आणि कागद सुधारल्यावर सापडला. धाविकाचं मात्र कागद सुधारून भागणार नाही. त्याच्या जमिनीकडे बघायची आपली नजर सुधारायला हवी.

तुमच्या खिशातला फोन

जाता जाता कामाच्या चार गोष्टी. तुमच्या हातात फोन आहे, म्हणजे रेकॉर्डर, कॅमेरा आणि नकाशा तिन्ही आहे. डेव्हिडसनकडे यातलं काहीच नव्हतं.

एक, आवाज रेकॉर्ड करा. गावाला गेलात, रात्री अनोळखी हाक ऐकू आली, तर दोन मिनिटं फोन बाहेर धरा. मर्लिनसारखी अ‍ॅप बऱ्याच हाका ओळखतात, ई-बर्डवर नोंद टाकता येते. धाविकाची २०२५ ची बातमी शेवटी एका आवाजाचीच होती.

दोन, रेकॉर्ड केलेला आवाज पक्ष्याला ऐकवू नका. पिंगळा, रानपिंगळा असे पक्षी आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं समजून चवताळून येतात. आपल्याला फोटो मिळतो, त्याचं पिल्लांकडचं लक्ष जातं. विणीच्या दिवसांत तर मुळीच नको.

तीन, दुर्मीळ पक्ष्याचं घरटं दिसलं तर इन्स्टावर लोकेशन टाकू नका. फोटोतसुद्धा फोन जागेची माहिती साठवतो, ती बंद करता येते. तुम्ही एकटे गेलात तर काही बिघडत नाही, पण पुढच्या रविवारी पन्नास जण गेले तर बिघडतं.

आणि चौथी गोष्ट, ही फोनशिवायची. आजीला, काकाला, गावातल्या गुराख्याला विचारा की या भागात कोणकोणते पक्षी आहेत आणि तुम्ही त्यांना काय म्हणता. नाव जसंच्या तसं लिहून ठेवा, अर्थही विचारा. 'करवंदीतली कोंबडी' असं एखादं नाव तुमच्याही गावात कुणाच्या तरी तोंडी असेल. ते नाव म्हणजे पत्ता आहे, आणि तो सांगणारी माणसं कायम राहणार नाहीत.

तर अशी कुठली नावं मिळाली तर मला नक्की कळवा. जिल्हा लिहा, घरट्याची जागा लिहू नका! जमली तितकी नावं मी एका भागात वाचून दाखवीन.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत संध्याकाळी तारेवर पिंगळा दिसला तर डोक्यावरचे ठिपके मोजून बघा. आणि ठिपके दिसलेच नाहीत, तर थांबा जरा, नीट बघा.